चौथा

चांदिवलीची शेड. एसी यंत्रांसाठी, आमच्यासाठी नाही.
एका पेटीत चार संगणक बसवायचो आम्ही,
चौघांना प्रश्न एकच, सेकंदाला चाळीस वेळा:
नाक किती वर? शेपूट किती खाली?

लढाऊ विमान मुद्दामच बेतोल घडवलेलं.
सोडलं की उलटणार, म्हणून तर वळणार चपळ.
मस्करेन्हास म्हणायचे, तोल म्हणजे आळस, बाई.

नियम सोपा होता.
तिघांचं जुळलं आणि चौथ्याचं नाही,
तर चौथा गप्प.
वैमानिकासमोर एक पिवळा दिवा, बस.

त्या मंगळवारी रात्री साडेअकराला
चाचणीच्या सांगाड्यावर चौथा गप्प झाला.
मी त्याची पाटी उपसली, भिंगाखाली धरली,
एकेक डाख पाहिला. माझेच हात ते.
दोष सापडेना.

पहाटे, पवईच्या बाजूला कुत्री भांडत असताना,
तिघांचे कागद जमिनीवर पसरले.
दोनशे बाराव्या ओळीत एक उणे चिन्ह सुटलेलं,
एकाने चुकलेलं, तीनदा इमानाने उतरवलेलं.
चौथ्याची चिप उशिरा आली होती,
तो दुरुस्त कागदावरून भरला होता.

अहवालात टाइप केलं:
प्रणाली नियमानुसार चालली.
ते खोटं नव्हतं.

घरी टेबलावर भावांचा कागद,
गिरगावच्या खोलीचा. तीन सह्या,
माझ्या जागी पेन्सिलची फुली.
चहा गाळला.
पेन शोधायला उठले नाही.