पट्टी

पहिल्या वर्षी मी अडीचशे रंगवले होते.
पिवळ्या पत्र्यावर लाल आकडे, काळी सावली.
मग साडेतीनशे, मग पाचशे,
मग करोनात दोन वर्षं नुसती धूळ,
आणि उघडल्यावर एकदम सातशे.
यंदा आठशे नव्याण्णव.
मॅनेजर दुसाने खालून ओरडले,
"झोपे, डावीकडे एका आकड्याची जागा सोडून ठेव."
ती सोडली.

फ्लेक्स इथे टिकत नाही.
वरणगावच्या उन्हात मेमध्ये त्याची साल निघते,
म्हणून मी अजून आहे.
ऑइल पेंट, सहा नंबरचा ब्रश, झोपे आर्ट्स.

निशू दर वर्षी शिडी धरायला यायची
आणि भिंतीपलीकडच्या किंकाळ्या मोजायची.
या वर्षी म्हणाली, "आकडा वाढतंय, मीबी वाढतंय,
आपण आत कधी जायचं?"

म्हणून रविवारी गेलो.
फाटकाशी माझंच अक्षर उभं होतं.
बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेऊ नयेत.
वैजूचा कळण्याच्या पुऱ्यांचा डबा
वॉचमनने फळीवर ठेवला, बाकीच्या वीस-बावीस डब्यांत.
सवलत सुटीच्या दिवशी लागू नाही.
दुसानेंनी कबूल केलेले दहा टक्के तिथे गेले.
नायलॉनचा पोशाख सक्तीचा, भाडे शंभर.
ऱ्हस्व-दीर्घ मीच तपासलं होतं.

आणि खांबावर ती हिरवी पट्टी,
चार फूट.
हिच्याखाली अर्धं तिकीट.
रांगेतले बाप पोरांच्या खांद्यावर हात ठेवत होते,
हलकेच, आशीर्वाद दिल्यासारखे,
आणि पोरं गुडघ्यांतून बसत होती.
वैजू माझ्या कानाशी म्हणाली,
"तिले जरासं वाक म्हणा. साडेतीनशे वाचतीन."

पण आत, मोठ्या घसरगुंडीच्या पायऱ्यांशी
दुसरी पट्टी आहे, तीही चार फुटांवर.
तिच्याखालच्याला वर सोडत नाहीत.
दोन्ही एकाच दुपारी मारल्या होत्या, एकाच टेपने.
निशूला ते ठाऊक होतं.
टेपचं दुसरं टोक तिच्याच हातात होतं.

ती ताठ उभी राहिली.
टाचा जमिनीवर, हनुवटी वर,
पट्टीच्या वर एक बोट.
मी पूर्ण तिकीट काढलं. तीन पूर्ण.

घसरगुंडी अकरा सेकंदांची.
मी खाली उभा राहून मोजली.
ती एकोणीस वेळा आली,
म्हणजे फेरीला सत्तेचाळीस रुपये आणि चिल्लर,
म्हणजे सेकंदाला सव्वाचार.
विसाव्यांदा जायला निघाली तेव्हा शिट्टी झाली.
एवढ्या पैशांत भरताच्या वांग्यांची,
असं मनात येत होतं तेवढ्यात
लाटांच्या तलावात मला वैजू दिसली.
टायरमध्ये आडवी, डोळे मिटलेले,
भाड्याचा जांभळा पोशाख फुग्यासारखा फुगलेला.
शेजारच्या बाईचं पोर तिच्या पायाला धरून तरंगत होतं.
तिने एकदाही वेळ विचारली नाही.
घड्याळ लॉकरमध्ये होतं.
लॉकरचे पन्नास.

परवडलं का?
माहीत नाही.
जूनमध्ये वह्या घ्यायच्या तेव्हा
हा प्रश्न पुन्हा येईल,
आणि तेव्हा तो वैजू विचारेल.

डबा परत घेतला.
पुऱ्या उन्हाने कडक झाल्या होत्या.
तापीच्या पुलाअलीकडे स्कूटर लावून
तिघांनी मोडून मोडून खाल्ल्या, ठेच्याशी.
निशूच्या केसांना क्लोरीनचा वास होता,
बोटांची टोकं अजून सुरकुतलेली.

पुलावर वारा लागला तेव्हा
ती मागून म्हणाली, "पप्पा,
पुढच्या वर्षी रंगवायला जाशील ना,
तं फाटकावरची पट्टी एक वीतभर वर घे.
आतली राहू दे तिथंच.
कोण मोजतंय?"

वैजू काहीच बोलली नाही.
मीही नाही.
हिरवा रंग अर्धा डबा शिल्लक आहे,
एवढं आठवलं.