अकरावा प्रश्न

मी कारकून. मत नव्हतं मला,
हात मोजायचं काम होतं तेवढं.
शहाण्णव साली, बेळगावात, लोकल बोर्डाच्या लांब खोलीत
तालुक्यातालुक्यांतून आलेले इनामदार, वकील,
निपाणीचे एक तंबाखूवाले:
एकवीस हात मोजले.
बाविसावा डोकं खाजवायला वर गेला होता.
तो धरावा की सोडावा, यात अर्धा तास गेला.
मग चनमल्लप्पा तेलसंग वकिलांच्या नावाआधी
नामदार लागलं
आणि खडेबाजारातले पेढे संपले.

घरी त्यांच्या आईंनी कानडीत विचारलं,
पगार किती?
पगार नाही, म्हणाले. प्रश्न विचारता येतो.
आई जरा वेळ शेंगा सोलत राहिल्या.
तो तर इथंही विचारता येतो, म्हणाल्या.

ठकू येडगे जांबोटीकडची, गवळी-धनगरांतली.
शनिवारी लोणी विकून झालं
की कचेरीच्या पायरीवर येऊन बसायची.
राखीव रानात गवत कापलं म्हणून
गार्डानं तिचा विळा ठेवून घेतला होता,
वर सव्वा रुपया दंड.
"दंड भरतो मी," म्हणायची,
आमच्याकडच्या बायका बोलतात तसं,
"इळा तेवढा द्या म्हणावं.
बाच्या हातची मूठ हाय, खैराची."

वकिलांनी ऐकलं. मसुदा मी केला.
मसुद्यात विळ्याचं 'अवजार' झालं,
ठकूचे झाले 'काही इसम',
जांबोटीचं रान 'सदर जिल्ह्याचा पश्चिम भाग',
आणि इंग्रजीत जाताना
बाप, मूठ, खैर
मिरजेच्या अलीकडेच कुठंतरी उतरून गेले.

"सभा कवा भरती?"
श्रावणात, पुण्याला.
"बाजारासारखी भरती?"
हो. म्हणजे नाही. तिथं विकत काही नसतं.
"मग लोक कशाला जात्यात?"

छापील पुस्तिका आली गणपती गेल्यावर.
पहिल्या पानावर सभासदांची यादी:
लाटसाहेब, त्यांचे मंत्री,
मग लाटसाहेबांनी नेमलेले,
मग आम्ही हात मोजलेले.
अगदी तळाशी आमचे नामदार,
आडनावात एक अक्षर जास्तीचं.
प्रश्न अकरावा.
उत्तर एका ओळीचं:
अशा प्रकाराची सरकारास माहिती नाही.
लगेच बारावा, कुठल्याशा पुलाबद्दल.

शनिवारी तिला वाचून दाखवलं, मराठी करून.
"परत वाच गा."
परत वाचलं.
"म्हाईत न्हाई म्हणत्यात?
मग तुमी सांगितलासा काय त्यास्नी?"
सांगायसाठीच तर विचारलं, मी म्हटलं.
"इचारलासा. सांगितलं न्हाईसा."

उठली. रिकामं मडकं कमरेला लावलं
आणि घिसाड्याच्या पालाकडं गेली.
मी पायरीवरनं बघत होतो:
नव्या विळ्याची धार तिनं अंगठ्याच्या नखावर पाहिली,
मूठ दोनदा हातात फिरवली,
नापसंत करून
तोच घेतला.

त्या रात्री कचेरीच्या प्रतीत, समासात,
मी मोडीत लिहून ठेवलं:
विळा एक. ठकू कोम विठू येडगे, मौजे जांबोटी.
मूठ खैराची.
असं लिहायचा मला अधिकार नव्हता.
कुणी विचारलंही नाही.

तीन वर्षांनी सगळ्या पुस्तिका शहापूरला गेल्या,
बांधून आल्या. लाल कातडं, सोनेरी साल.
कडा सारख्या करताना बाइंडरनं समास कापला.
अकराव्या प्रश्नाशेजारी आता
'खै' एवढंच उरलंय.

नवा कारकून विचारतो, हे काय लिहिलंय?
मूठ आहे, मी सांगतो.
विळा अजून जंगलखात्यात आहे.