तीन हात नाका

केसपेपरवर धर्माला जागा अर्धा इंच,
वय आणि व्यवसाय यांच्या मधोमध.
काउंटरवरच्या बाईंनी ती कधीच भरून टाकलीय.

अब्दुलगनी फक्की, एकसष्ट, राहणार राबोडी.
वागळे इस्टेटच्या कारखान्यात बत्तीस वर्षं
सलाइनच्या बाटल्या उजेडासमोर धरून
कण शोधायचं काम.
आता हात कोपरापर्यंत सोललेले,
बोटांच्या बेचक्यांत पांढरट भेगा.
वजू करताना दर वेळी वाटतं,
एक जागा कोरडी राहिली.
नमाज होऊन माणसं घरी पोचतात,
हे नळाशीच.

मी प्रश्नावली काढते.
दिवसातून किती वेळ? मिनिटांत सांगा.
थांबलात तर त्रास किती? शून्य ते चार.
उधारी चुकती करावी
तसे ते एकेक आकडा देतात.
मग विचारतात,
"मॅडम, कितव्यांदा धुतल्यावर इबादत संपते
आणि तुमचा आजार सुरू होतो?"

याचं उत्तर माझ्या पुस्तकात आहे,
एका तळटीपेत.
तळटीप म्हणते: रुग्णाच्या समाजाला विचारा.

म्हणून मंगळवारी त्यांच्या मशिदीतले मौलाना आले.
असू द्या म्हटलं तरी
चपला दाराबाहेरच काढल्या.
फक्कींचे हात उलटेपालटे करून पाहिले,
बाजारात भेंडी पाहावी तसे.
म्हणाले, हे जुनं दुखणं.
आमच्याकडे याला वसवसा म्हणतात.
तीनदा धुवा.
चौथ्यांदाचं पाणी देवाच्या नावावर मांडू नका.

फक्की रडायला लागले.
सहा आठवडे मीही हेच सांगत होते,
तक्ते आखून,
रंगीत पेनांनी.

उपचाराच्या रकान्यात मी लिहिलं: तीन.
सरांनी खाली लाल शाईत विचारलं:
कोणाचे?

माझ्या घरी देवघर नाही.
आईने पाठवलेली समई
अजून वर्तमानपत्रात गुंडाळलेली,
माळ्यावर, तिच्या तारखेसकट.
सकाळी निघताना कुलूप ओढून पाहते.
लिफ्टपाशी जाते, परत येते, ओढते.
गॅसचं बटण.
पुन्हा कुलूप.
मोजत नाही.
मोजायला शिकवते ती दुसऱ्यांना.

आज तीन हात नाक्याला सिग्नल लाल,
वर आकडे उतरताहेत, एकशे बारा, एकशे अकरा.
रिक्षावाल्याने इंजिन बंद केलं.
मी म्हटलं, दादा, वळवता येईल का मागे?
त्याने आरशातून पाहिलं.
"काही राहिलं का, मॅडम?"