येणे बाकी

ओढ नसतेच कुठं, पोरी. असतो तो रेटा,
साखर पेठेतल्या खडखडाटात
नरसय्या येमूल ओरडून सांगतो.
फणी ठोकते तसं आभाळ
चहूकडून ठोकतं आपल्याला,
जमीन फक्त खालचा मार अडवते.

अडतीस वर्षं टॉवेल विणलेत त्यानं.
वहीत मागून सुताचा हिशेब,
पुढून सूर्याजवळ वाकणारा किरण :
तिथं ताणा दाट, म्हणून धोटा तिरका जातो.

मी एमएस्सी. अकराव्या पानावर चूक सापडली.
किरण निम्माच वाकतो तुमचा, म्हटलं.

त्यानं माग थांबवला.
थांबला माग म्हणजे बुडाली मजुरी,
आणि ती शांतता मला पेलेना.

उरलेला निम्मा तुझ्या पुस्तकात आहे?
आहे.
वाच.

वाचलं. त्याला कळलं नाही.
मलाही, खरं तर, परीक्षेपुरतंच.

बाहेर मे महिना. डांबरावर
नसलेलं पाणी हलत होतं,
त्यातून एक लुना वाकडीतिकडी येत होती.

कानामागची पेन्सिल काढून
त्यानं अकराव्या पानाखाली लिहिलं :
येणे बाकी, अर्धा किरण.

मग खटका दाबला.