बेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा

मुद्दाम अर्धा तास आधी पोचले.
गाडी गार असताना बघावी, सर्वेअर दस्तूर म्हणायचे,
आधीच तापवून ठेवलेलं इंजिन आणि
पाहुण्यांसमोर पाढे म्हणणारं पोर,
दोघांवर विश्वास ठेवू नये.
बॉनेटवर तळहात टेकला.
गार.

अकोट्याच्या त्या बंगल्यात, आसोपालवांच्या ओळीपाशी
उभी होती: पिवळी, दोन दारं, दोनच सीटा,
जमिनीला इतकी लागून
की आत शिरताना कंबर आधी विचारून घेते.
धैवत पारेख, वय असेल सत्तावीस.
"बेन, कोणासाठी बघताय? मुलासाठी?"
माझ्यासाठी, म्हटलं.
मग चहा आला, बराच गोड.

चौतीस वर्षं रावपुऱ्याच्या ऑफिसात
मोटार क्लेमचं टेबल माझं.
अशा गाड्या मी फक्त फोटोत पाहिल्या,
नाक नसलेल्या, झाडाला मिठी मारलेल्या,
चार प्रतींत.
माझ्याकडे कायम लूना.

पर्समधून फ्रिजवरचा लोहचुंबक काढला,
हापूसच्या आकाराचा,
रुमालात गुंडाळून दारांवरून फिरवला.
डाव्या चाकाच्या वर तो टप्पकन पडला.
आत पुट्टी.
"गेटला घासली होती," धैवत म्हणाला.
गेटपाशी जाऊन पाहिलं,
लोखंडावर पिवळा ओरखडा, माझ्या गुडघ्याच्या उंचीचा.
पोरगा खरं बोलतो.
टायरवरचे चार आकडे चष्मा वर करून वाचले:
कितवा आठवडा, कितवं साल.
ब्रेकच्या पेडलचं रबर अजून करकरीत,
मीटरवरच्या एकोणीस हजारांशी त्याचं पटतंय.

मग चावी फिरवली.
धूर निळा नाही, पांढरा नाही.
आवाज मात्र पोटातून आला.
गाडीच्या का माझ्या, ते नाही सांगता येणार.
हसले मी. एकसष्टाव्या वर्षी, एकटीच, आरशात.
दस्तूर असते तर म्हणाले असते,
मॅडम, हसू आलं की इंजिन बंद करायचं
आणि पुन्हा पहिल्यापासून बघायचं.

इंजिन बंद केलं.

सीटबेल्ट धरला आणि ओढला.
सगळे छातीपुरता ओढतात, धुणारेसुद्धा.
मी ओढत राहिले, रहाटाचा दोर ओढावा तसा,
अगदी टोकापर्यंत.
तिथे होती ती.
बोटभर रुंद, तपकिरी, सरळ रेघ.
खाली काळा पट्टा, वर काळा पट्टा,
मधे विश्वामित्री.

ही रेघ मी ओळखते.
समाच्या माझ्या घरात स्विचबोर्डच्या खाली आहे,
दोनदा रंग दिला, दोनदा वर आली.
तो वासही ओळखते, गाळाचा, ओल्या पुस्तकांचा.
पाणी ओसरल्यावर आमच्या जिन्यात मगरीचं पिल्लू बसलं होतं,
भाडेकरूसारखं,
फॉरेस्टवाले येईपर्यंत कोणी काही बोललं नाही.

धैवत बेल्टकडे बघत होता.
"तुमच्याकडे किती होतं?" मी विचारलं.
त्याने हात छातीशी आडवा धरला,
शर्टाच्या तिसऱ्या बटणापाशी.
मी माझा धरला, कमरेच्या जरा वर.
तसेच राहिलो क्षणभर, दोघांचे हात हवेत,
कापड मापून देणाऱ्यांसारखे.

"पप्पांनी आधी बाला वर नेलं," तो म्हणाला,
"खुर्चीसकट. मग चावी घ्यायला वळले
तर जिना संपला होता."
विचारलं असतं तर सांगणार होतो, असंही म्हणाला.
विचारलं नव्हतं मी. ओढलं होतं.

ऑफिसात एक रबरी शिक्का होता, जांभळ्या शाईचा:
टोटल लॉस.
मनगट न हलवता मारायचे मी तो.
अशा गाडीचं वायरिंग वर्ष, दोन वर्षं गप्प असतं,
मग एखाद्या रात्री दिवे आपोआप लागतात.
हे मला माहीत आहे.
कोणाहीपेक्षा जास्त.

"निम्म्यात देशील?"
त्याने आसोपालवांकडे पाहिलं.
घरात कोणीतरी कुकरचं झाकण आपटलं.

बेल्ट अजून माझ्या मांडीवर, सगळाच्या सगळा बाहेर,
आत जाईना.
जरा ओढला, जरा सैल सोडला,
मग हातानेच भरवू लागले त्याला, वीत वीत करून.