माया

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात माझं मशीन
दांडेकर पुलाजवळ, रसवंतीला खेटून,
सकाळी आठ ते रात्री साडेदहा.
गिऱ्हाईक बोलत नाही, नुसती पिशवी पुढे करतं.
आतून निघतो तोच निळा स्कर्ट,
तोच बारीक चौकड्यांचा शर्ट,
कुणाला ढगळ, कुणाला आखूड.

परवा शाळेनं पालकांना बोलावलं.
वरचा हॉल, तीन पंखे, त्यातला एक चालू.
विषय: गणवेश असावा की नसावा.

पुढच्या रांगेतले एक गृहस्थ उठले,
म्हणाले, आपण मुलं एका साच्यात ओततोय,
त्यांना आपापला रंग निवडू द्या.
चांगलं बोलले.
कुडत्याला करवंटीची बटणं होती,
काजं हातानं केलेली. मी तीच बघत बसले.

मागून पासलकरांचा आवाज आला:
आणि शोबाजी सुरू झाली की?
गणवेशात सगळी कशी सारखी दिसतात!

टाळ्या दोघांनाही पडल्या.

सारखी दिसतात, खरंय.
सुलट बाजूनं.
मला कपडा उलटा करून बघायची सवय.
तिसरीत दुमडलेला घेर चौथीत उसवला,
पाचवीत पुन्हा उसवला,
आतलं न विटलेलं निळं बाहेर आलं
आणि जुन्या घडीवर राहिली एक पांढुरकी रेघ.
ती इस्त्रीनं जात नाही,
व्हिनेगर लावूनही बघितलं.
रेघा मोजून मी सांगते
स्कर्ट थोरलीचा की धाकटीपर्यंत आलेला,
आणि बापाचं काम कोणत्या साली सुटलं.

तरी मी हात वर केला नाही.
कारण श्रावस्तीचा वाढदिवस आठवला.

वाढदिवसाला रंगीत कपडे चालतात,
शाळेचा तेवढाच लाड.
उरलेल्या तुकड्यांतून जोड लावत
मी पिवळा फ्रॉक शिवला होता,
गळ्याला पायपिंग, मागं बो.
सकाळी बघते तर पोरगी
निळ्यातच, दप्तर पाठीला, दारात.
म्हणाली, रंगीत घातलं की वाटायला लागतं, आई.
बावन्न जण आहेत.
आणि बाईंना वेगळं मोठं चॉकलेट.

गेली. निळ्यात निळी मिसळून गेली.
दिवसभर कुणाला कळलं नाही
की आज ती दहा वर्षांची झाली.

त्या दिवशी मला गणवेशाच्या पाया पडावंसं वाटलं.
आणि संध्याकाळी, तो धुताना,
तोच टरकावून टाकावासा.

हे हॉलमध्ये कसं सांगायचं?
माईक करवंटीच्या बटणांपाशीच अडकला होता.

शेवटी फॉर्म वाटले.
दोन चौकटी: हो, नाही.
खाली 'सूचना', आणि एक ओळ, तीही अर्धी.
पेन पासलकरांचं मागून घेतलं.
चौकटी तशाच सोडल्या.
लिहिलं:
असो की नसो.
ठरवलेल्या दुकानातनं यंदा जे स्कर्ट आलेत
त्यांची दुमड अर्ध्या इंचाची आहे.
पूर्वी अडीच असायची.
शर्टाला तर बगलेत काहीच नाही.
त्यांना माया ठेवायला सांगा. पोरं वाढतात.

ओळ पुरली नाही, समासात गेले.

देवस्थळी बाईंनी फॉर्म घेतला,
वाचला, चष्मा कपाळावर सरकवला.
"माया म्हणजे? मला नाही कळलं."

मी त्यांच्या ब्लाउजच्या बाहीला हात लावला.
म्हटलं, घरी गेल्यावर ही उलटी करून बघा, बाई.
तुमच्या शिंप्यानं ठेवलीय.