पान तीन

अधिवेशनाच्या आठवड्यात धंतोलीच्या ऑफिसात एक माणूस आला,
खांद्यावर संत्र्यांची पेटी.
"आंबियाचा माल आहे, भाऊ. गोड निघन."
मग उरकुडेबाईंच्या टेबलाशी वाकून
त्यांच्या पोरीच्या स्कूलबसचा नंबर
त्यानं सहज म्हणून दाखवला,
पाढा म्हणावा तसा.

बातमी राखेच्या तलावाची होती.
फुटलेला बांध, चार गावं, एक सही.

मी प्रूफं तपासतो. एकोणीस वर्षं
ऱ्हस्व-दीर्घाशीच भांडलो.
त्या रात्री पहिल्यांदा
एकही चूक नसलेला कॉलम उभाच्या उभा खोडला.
त्या जागी ट्यूशन क्लासची जाहिरात बसली,
हसरी पोरं, टक्केवारी.

बाई काही बोलल्या नाहीत.
एक संत्रं सोललं, खाल्लं नाही,
बिया तेवढ्या ओळीनं मांडल्या टेबलावर.
निघताना विचारलं, "कागद फेकला का?"

नाही फेकला.
बर्डीवरून शेवटच्या बसनं जाताना
डब्याच्या पिशवीत होता, तेलाचा डाग पडलेला.
घरी, ओट्यावर पसरून,
खोडलेल्या प्रत्येक ओळीखाली
मी लाल पेननं टिंबं देत गेलो.

आमच्या धंद्यात त्याचा अर्थ एकच:
राहू द्या.